तिसरं चाक

स्लॉट मशीनच्या सव्वाशे वर्षांतून एकच क्षण निवडायचा झाला तर मी दुसरं चाक थांबल्यानंतरचा आणि तिसरं थांबण्याआधीचा क्षण निवडेन. असतो जेमतेम सेकंदभराचा. डावीकडे घंटा आलेली आहे, मध्येही घंटा, आणि उजवीकडचं चाक अजून गरगरतंय. नाणं केव्हाच यंत्राच्या पोटात गेलंय, दांडा जागेवर परतलाय, खेळणाऱ्याच्या हातात करण्यासारखं काही उरलेलं नाही. नेवाडातल्या कॅसिनोंच्या कमाईचा फार मोठा वाटा याच सेकंदाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांमधून येतो. तो कुणीतरी एकदा पहिल्यांदा रचला होता, आणि ज्याने रचला त्याच्या कारागिरीकडे जरा निवांत बघावं, एवढ्यासाठी हा लेख. जुगार वाईट, हे आपल्याला महाभारतापासून ठाऊक आहे; ते पुन्हा सांगायला वेगळी जागा नको.

रचणारा होता चार्ल्स ऑगस्ट फे. जन्म बव्हेरियातला, १८६२ चा. लंडनमध्ये जहाजांची उपकरणं बनवणाऱ्यांकडे काही वर्षं काढून हा अमेरिकेला गेला आणि सॅन फ्रान्सिस्कोत स्थिरावला. तिथल्या कॅलिफोर्निया इलेक्ट्रिक वर्क्समध्ये तो मेकॅनिक होता. याच वर्तुळात थिओडोर होल्ट्झ आणि गुस्ताव्ह शुल्त्झे हे आणखी दोन जर्मन कारागीर होते आणि तिघांनाही नाणं टाकून चालणाऱ्या यंत्रांचा नाद होता. फेचं जे यंत्र पुढे जगभर गेलं त्याचं नाव लिबर्टी बेल. ते नेमकं कधी झालं हे पुस्तकागणिक बदलतं. कुणी १८९५ म्हणतं, कुणी १८९९. सॅन फ्रान्सिस्कोतल्या मार्केट स्ट्रीटवर त्याच्या कारखान्याच्या जागी स्मारकाची पाटी आहे, तिच्यावर १८९८ आहे. मला या वादात रस नाही. यंत्रात आहे.

त्याची थोरवी कळायला त्याच्या आधीचं यंत्र पाहावं लागतं. ब्रुकलिनच्या सिटमन आणि पिट या जोडीने १८९१ मध्ये पोकरचं यंत्र काढलं होतं. पाच ढोल, प्रत्येकावर दहा पत्ते, म्हणजे एकूण पन्नास. पाच सेंटचं निकेल टाकायचं, दांडा दाबायचा, पाच पत्ते समोर येत. बावन्नातले दोन पत्ते गाळलेले असत आणि ते बहुधा इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम. ही निवड नीट बघा. पोकरमधला सर्वांत मोठा हात रॉयल फ्लश. त्याला एकाच रंगाचे दश्शीपासून एक्क्यापर्यंतचे पाच पत्ते लागतात. दश्शी काढली की इस्पिकचा रॉयल फ्लश गेला, गुलाम काढला की बदामचा. चारपैकी दोन रस्ते गुपचूप बंद. शिवाय एका ढोलावरचे दोन पत्ते कधीच एकत्र येणार नाहीत, त्यामुळे ढोलांवरचे पत्ते कसे लावायचे एवढ्यावरही बरंच काही ठरवता येई. हे पाहणारा गिऱ्हाईक सलूनमध्ये चार घोट घेऊन उभा असे. पत्ते मोजायला तो बसणार होता थोडाच!

पण या यंत्राला एक मोठं लंगडेपण होतं. पाच ढोलांच्या एक लाख जुळण्या, त्यात जोड्या, तिय्ये, फ्लश अशी सगळी पोकरची व्याकरणं. कोणता हात जिंकला हे ओळखणं यंत्राच्या आवाक्यातलं नव्हतं. ते काम गल्ल्यावरचा माणूस करी. राजाची जोडी आली तर एक बिअर, रॉयल फ्लशला सिगार किंवा आणखी पेयं. बक्षीस दुकानावर अवलंबून. म्हणजे नाट्याचा शेवट यंत्राबाहेर, दुकानदाराच्या मर्जीत घडत होता.

फेने केलं ते खरं तर संपादन. पाचाचे तीन ढोल केले. चित्रंही कमी केली: घोड्याची नाल, तारा, इस्पिक, चौकट, बदाम आणि घंटा. प्रत्येक चाकाला थांबण्याच्या जागा दहा. पोकर जवळजवळ पुसलाच. पत्त्यांचे तीन रंग तेवढे आठवणीपुरते ठेवले. चांगल्या संपादकाचं काम असंच असतं, त्याने काय गाळलं ते वाचकाला जाणवतही नाही. एवढं गाळल्यावर जे उरलं ते यंत्राला स्वतःला वाचता येऊ लागलं, आणि वाचता येऊ लागलं म्हणून पैसे देता येऊ लागले. घंटा ही अर्थात फिलाडेल्फियातली तडकलेली स्वातंत्र्याची घंटा. परदेशातून आलेल्या कारागिराने नव्या देशाचं सर्वांत आदरणीय चिन्ह उचललं आणि दारूच्या दुकानातल्या जुगारावर बसवलं; यात खट्याळपणा होता की भाबडी देशभक्ती, हे मला आजवर उमगलेलं नाही.

बाहेरून यंत्र बिडाचं, बसकं, पायांवर उभं, काउंटरवर मावेल असं. दर्शनी भागावर चाकांच्या खिडक्या, बक्षिसांचं पत्रक, बाजूला दांडा. बक्षिसं फार मोठी नव्हती. दोन नाला आल्या तरी थोडंफार हाती लागे आणि तीन घंटांचं सर्वांत मोठं बक्षीसही डॉलरच्या वर जात नसे. मला ही बेताची बक्षिसं आवडतात. त्यांच्यामागे साधं गणित आहे. दहा गुणिले दहा गुणिले दहा, एकूण जुळण्या हजार. प्रत्येक चाकावर घंटा एकदाच असेल तर तीन घंटा हजारात एकदा येणार. हजार जुळण्यांतून सगळी बक्षिसं भागवायची आणि वर मालकाला उरलं पाहिजे, तर मोठं बक्षीस अवाच्या सवा ठेवताच येत नाही. यंत्राच्या आकारानेच लोभाला मर्यादा घातली होती.

आता मागचं दार उघडून आत बघू, कारण खरा रस तिथे आहे. या घराण्यातलं जुनं बेल यंत्र, फेचं असो वा पुढे इतरांनी केलेलं, असं उघडं पाहायला मिळालं तर ती संधी सोडू नये. नाणं खाली पडतं आणि दांड्याची अडसर सुटते. दांडा ओढताना हाताला जे जड लागतं ती ताणली जाणारी स्प्रिंग असते. म्हणजे पुढचं सगळं नाटक ज्या शक्तीवर चालणार ती खेळणाऱ्याच्याच दंडातून आलेली. वीज नाही, चावी देणं नाही. दांडा पुरता खाली आला की ती ताकद सुटते आणि तिन्ही चाकांना एकदम टोला बसतो. चाकं फिरायला लागतात. त्याच वेळी कोपऱ्यातलं एक छोटं घड्याळ उलगडायला लागतं. त्याला एक पंखा जोडलेला असतो. पंख्याची पाती हवेला अडतात म्हणून घड्याळ भसकन सुटत नाही, एका चालीने चालतं. ते ठरावीक अंतराने एकेक तरफ सोडतं. तरफ चाकाच्या कडेच्या दातेरी चकतीवर पडते, जी खाच समोर येईल तिच्यात बसते आणि चाक जागच्या जागी थिजतं. आधी डावं. मग मधलं. मग उजवं.

आता जरा विचार करा, तिन्ही तरफा एकदम सोडल्या असत्या तर काय बिघडलं असतं? जुगार म्हणून काहीच नाही. हजार जुळण्या त्याच, बक्षिसं तीच, मालकाचा नफा तोच. गेला असता तो फक्त वेळ. एकाच फेकीचा निकाल तीन हप्त्यांत सांगायचा, आणि पहिल्या दोन हप्त्यांनी तिसऱ्याची आस लावायची, ही रचना गणिताने मागितलेली नव्हती. ती कुणातरी रसिक कारागिराची आहे. तबल्यातली तिहाई तीनदा येते आणि तिसऱ्यांदा समेवर आदळते, तेव्हा आपण मान डोलावतो ती सम कुठे आहे हे आधीच ठाऊक असतं म्हणून. फेने तिहाईचे पहिले दोन पल्ले तसेच ठेवले आणि सम मात्र दैवावर सोडून दिली. जे कान समेसाठी तयार झालेत त्यांना ती दहापैकी नऊ वेळा हुकलेली ऐकवायची, आणि तरीही माणूस पुढचं नाणं काढतो.

आणि महत्त्वाचं म्हणजे हा ताण खरा होता. मधलं चाक थांबलं त्या घडीला उजवं चाक कुठे थांबणार हे यंत्रालाही ठाऊक नसे. टोल्याचा जोर, तेलाचा चिकटपणा, घड्याळाची चाल, या सगळ्यातून ते पुढच्या क्षणी ठरणार असे. प्रेक्षक आणि नट दोघेही सारखेच अंधारात.

पैसे देण्याची रीत त्याहून देखणी. चाकांना जोडलेल्या चकत्यांमध्ये भोकं पाडलेली असतात, प्रत्येक चित्राच्या जागी वेगळ्या ठिकाणी. तिन्ही चाकं थांबली की लोखंडी बोटं पुढे सरकतात आणि चकत्या चाचपतात. तिन्हीकडे बोटाला भोक सापडलं तर बोट आत शिरतं, त्याच्या जोडीची पट्टी मोकळी होते आणि नळीतली तेवढी नाणी खाली सुटतात. सापडलं नाही तर बोट पत्र्याला टेकून थांबतं. यंत्राला घंटा, नाल, तारा काही दिसत नाही. चित्रं तुमच्यासाठी, भोकं त्याच्यासाठी. पण चित्र आणि भोक एकाच चाकावर, एकाच आसावर पक्के बसलेले आहेत. एक खरं बोलेल आणि दुसरं खोटं, असं होऊच शकत नाही. पुढे काय झालं ते वाचताना हे लक्षात असू द्या.

धंद्याची हकीकत थोडक्यात. फे यंत्रं विकत नसे. सलूनमध्ये ठेवी आणि मालकाबरोबर कमाई निम्मी निम्मी वाटून घेई. जुगाराच्या यंत्राला पेटंटचं संरक्षण मिळवणं तेव्हा अवघड होतं, त्यामुळे यंत्र हातून न सोडणं हाच एक उपाय. तो फार दिवस चालला नाही. शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने १९०७ च्या सुमारास याच घाटाचं ऑपरेटर बेल बाजारात आणलं आणि कारखान्यातून ढिगाने काढलं. मधल्या काळात, १९०६ च्या भूकंपाने आणि आगीने सॅन फ्रान्सिस्को बेचिराख झालं आणि त्यात फेचा कारखानाही गेला. १९०९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने आणि १९११ मध्ये अख्ख्या कॅलिफोर्नियाने अशा यंत्रांवर बंदी घातली. फे १९४४ मध्ये वारला. त्याच्या नातवांनी रेनोमध्ये लिबर्टी बेल नावाचंच उपाहारगृह १९५८ पासून २००६ पर्यंत चालवलं आणि तिथे आजोबांचं मूळ यंत्र गिऱ्हाइकांना पाहायला मांडून ठेवलं होतं.

बंदीतून जे चित्र निघालं ते आज सगळ्यांच्या ओळखीचं आहे. जुगार चालत नाही ना, मग हे च्युइंगगम विकायचं यंत्र आहे असं म्हणायचं. दांडा ओढा, गम घ्या. मग चाकांवर गमचे स्वाद आले: लिंबू, संत्रं, प्लम, चेरी. इंग्लंडात अशा यंत्रांना आजही फ्रूट मशीन म्हणतात ते या फळांमुळे. आणि जाड काळ्या पट्टीवरचं ते ‘बार’ चिन्ह, ज्याचा अर्थ कुणालाच लागत नाही, ते बेल फ्रूट गमच्या वेष्टनावरच्या लेबलाचं उरलेलं रूप. कायद्याला दाखवायला घेतलेलं सोंग शंभर वर्षांनी अलंकार होऊन बसलं. गमची वडी कधीच गेली, लेबल राहिलं.

१९२० आणि १९३० च्या दशकांतल्या यंत्रांकडे मी नुसती कपाटं म्हणून बघतो. वॉटलिंग कंपनीच्या १९३५ च्या रोल-ए-टॉपवर नाण्यांनी ओसंडणारी शिंगं कोरलेली आहेत. मिल्सच्या यंत्रांवर गरुड आहेत, सिंह आहेत, किल्ल्यांचे दर्शनी भाग आहेत. दर्शनी काचेमागे साठत जाणारी जॅकपॉटची नाणी दिसत राहत. रूप भडक, आतलं काळीज मात्र फेचंच. याच काळात ही यंत्रं गुंडांच्या हातात गेली. न्यूयॉर्कचा महापौर ला गार्डिया याने १९३४ मध्ये ती हातोड्याने फोडताना फोटो काढून घेतले, त्या गुंडांपैकी फ्रँक कॉस्टेलोने आपला धंदा न्यू ऑर्लिन्सला हलवला, नेवाडाने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला होता, १९५१ च्या जॉन्सन कायद्याने यंत्रं एका राज्यातून दुसऱ्यात नेण्यावर बंधनं आली. हे सगळं सिनेमांनी पुष्कळ वापरलंय. मी पुढे जातो.

एका प्रकरणापाशी मात्र थांबलंच पाहिजे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस काही खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की ते कोपऱ्यातलं घड्याळ फारच इमानदार आहे. चाकं किती वेळ फिरणार हे जवळजवळ ठरलेलं. मग आधीच्या डावात चाकं कुठे थांबली ते पाहायचं, मोजून ठरावीक वेळ थांबायचं आणि नेमक्या तालात पुढचा दांडा ओढायचा. असं करत राहिलं तर यंत्र आपल्याला हवं तिथे थांबवता येतं असं त्यांना आढळलं. नेवाडात तालाने खेळणाऱ्यांची एक जमातच तयार झाली आणि मालकांचे हात पोळले. कारखानदारांनी घाईघाईने घड्याळाची चाल थोडी अनियमित करणारी कळ बसवली आणि तो खेळ संपला. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. या यंत्राला माणसाने एकदा तरी वाचून काढलं. डोळे, कान आणि मनगट एवढ्या भांडवलावर. ते शक्य झालं, कारण यंत्रात जे होतं ते सगळं समोर होतं.

१९६३ च्या सुमारास बॅली कंपनीने मनी हनी आणलं. पिनबॉलची यंत्रं करणारी ही शिकागोची कंपनी. आता चाकं विजेच्या जोडण्यांनी वाचली जाऊ लागली, आणि तळाशी मोटरवर चालणारी नाण्यांची टाकी आली, जी गल्ल्यावरच्या माणसाला न बोलावता पाचशेपर्यंत नाणी ओतू शकत होती. नाणी पडत ती पत्र्याच्या तसराळ्यात, खणखणाट करत. हा खणखणाट आसपासच्या पन्नास माणसांना ऐकू जावा अशीच सोय. दांड्याची गरज खरं तर संपली होती. बटण पुरलं असतं. तरी दांडा ठेवला. ओढताना हाताला लागणारं ते जडपण आता केवळ शोभेचं.

आणि मग इंगे टेल्नेस. नॉर्वेचा गणितज्ञ. याच्या नावचं अमेरिकन पेटंट १५ मे १९८४ ला मंजूर झालं, आणि माझ्या मते स्लॉट मशीनच्या इतिहासात फेच्या तोडीचं दुसरं डोकं हेच. फेला जे पेटंट मिळवता आलं नसतं ते याला मिळालं, ही गंमत वेगळीच.

टेल्नेससमोरचा प्रश्न साधा होता. मोठी बक्षिसं द्यायची तर जुळण्या पुष्कळ हव्यात. तोवर चाकांवर बावीस जागा झाल्या होत्या, अकरा चित्रं आणि त्यांच्यामध्ये अकरा कोऱ्या. बावीसचा घन १०,६४८. एका नाण्याला दहा हजार नाण्यांच्या पलीकडचं बक्षीस ठेवलं तर मालक बुडाला. चाकं मोठी करून पाहिली, चौथं-पाचवं चाक लावून पाहिलं. पण लोक मूर्ख नसतात. मोठं चाक पाहिलं की इथे जिंकणं कठीण हे त्यांना न मोजता कळे आणि ते पलीकडच्या छोट्या यंत्राकडे वळत.

टेल्नेसने चाक होतं तसंच ठेवलं आणि निकाल चाकातून काढून घेतला. यंत्रात एक इलेक्ट्रॉनिक चिप बसवली, जी अखंड आकडे निर्माण करत राहते, कुणी खेळत नसतानाही. बटण दाबलं त्या क्षणी ती तीन आकडे उचलते, समजा १ ते ६४ मधले. मग एक तक्ता सांगतो की कोणता आकडा चाकावरच्या कोणत्या जागेला लावायचा. चौसष्ट आकडे, बावीस जागा. काही जागांना एकच आकडा, काहींना पाच-सहा. जॅकपॉटच्या चित्राला एक. मोटर चाकाला सांगितलेल्या जागी नेऊन थांबवते. डोळ्यांना दिसणारं चाक बावीस जागांचं, म्हणजे तीन जॅकपॉट १०,६४८ मध्ये एकदा यावेत असं वाटतं. प्रत्यक्षात चौसष्टाचा घन, २,६२,१४४ मध्ये एकदा. जवळजवळ पंचवीसपट कठीण, आणि चाकावर त्याची खूण नाही.

पुढची खुबी अधिक बारीक. समजा जॅकपॉटच्या लगेच वरच्या आणि खालच्या कोऱ्या जागेला पाच-पाच आकडे दिले. खिडकीत मधल्या रेघेबरोबर तिच्या वरची-खालची ओळही दिसतेच. म्हणजे जॅकपॉटचं चित्र रेघेवर एकदा येईल तर रेघेच्या किंचित वर किंवा किंचित खाली दहा वेळा. ‘अरे, थोडक्यात हुकलं!’ असं वाटायला लावणारा तो अर्धा इंच तक्त्यातून आलेला असतो. पेटंटच्या मसुद्यातच हा हेतू न लाजता नोंदलेला आहे: जिंकण्याची शक्यता असते त्यापेक्षा अधिक भासली पाहिजे, मात्र कायद्याच्या चौकटीत राहून. जपानच्या युनिव्हर्सल कंपनीने याहून पुढचं पाऊल टाकलं. हरलेला डाव आधी ठरवायचा आणि मग तो थोडक्यात हुकल्यासारखा मांडून दाखवायचा. नेवाडाच्या नियंत्रकांनी १९८९ मध्ये ते नामंजूर केलं, टेल्नेसची पद्धत मात्र चालू ठेवली. या दोहोंतली सीमारेषा कायद्याला दिसते. खेळणाऱ्याला ती कशी दिसावी?

टेल्नेसची अक्कल मी नाकारत नाही. दहा हजार जुळण्यांच्या पिंजऱ्यातून त्याने यंत्राला बाहेर काढलं. १९८६ मध्ये नेवाडाभरची यंत्रं एकमेकांना जोडणारं मेगाबक्स सुरू झालं आणि २००३ मध्ये त्यावर एकाच खेळात जवळजवळ चार कोटी डॉलर निघाले. हे फेच्या हजार जुळण्यांत कुठून बसणार? पण रसिक म्हणून माझी तक्रार आहे ती त्या सेकंदाबद्दल. बटण दाबलं तेव्हाच तिसरं चाक कुठे थांबणार ते ठरलेलं आहे. चाकं फिरतात ती ठरलेली गोष्ट सांगण्यापुरती. पहिलं थांबतं, दुसरं थांबतं, तिसरं अजून फिरतंय. आणि यंत्राला शेवट ठाऊक आहे. अंधारात आता फक्त आपण.

पडद्यावरच्या यंत्रांनी तर उरलीसुरली लाज सोडली. १९७६ मध्ये फॉर्च्यून कॉइन कंपनीने सोनीच्या पडद्यावर चालणारं पहिलं व्हिडिओ यंत्र लास वेगासच्या हिल्टनमध्ये लावलं. चाक हे केवळ चित्र झाल्यावर त्याला वजन नाही, घर्षण नाही. आजच्या यंत्रांत दोन बोनस चिन्हं आली की उरलेलं चाक मुद्दाम जास्त वेळ फिरवतात, भोवती उजेड लवलवतो, मागे वाद्यांचा चढता कल्लोळ. फेच्या घड्याळाला प्रत्येक डावात तोच एक सेकंद मिळायचा. इथे तो हवा तेव्हा रबरासारखा ताणतात. ध्वनीचं काम मात्र, खरं सांगायचं तर, दर्जेदार आहे. कित्येक यंत्रांचे आवाज एकाच स्वरपट्टीत बांधलेले असतात, त्यामुळे शेकडो यंत्रं एकदम वाजली तरी दालन बेसूर होत नाही. नाणी जाऊन कागदी पावत्या आल्या, तेव्हा नाण्यांचा खणखणाट ध्वनिमुद्रित करून ठेवला. आणि एका बटणात वीस-पंचवीस ओळींवर पैसे लावायची सोय आल्यावर, पंचवीस लावून दहा परत आले तरी यंत्र जिंकल्याचं संगीत वाजवतं. पंधरा गेल्याची शहनाई. नताशा डाऊ शल यांनी लास वेगासमध्ये वर्षानुवर्षं अभ्यास करून २०१२ मध्ये यावर जे पुस्तक लिहिलं, त्यातले खेळणारे जिंकण्याबद्दल फारसं बोलतच नाहीत. त्यांना नुसतं खेळत राहायचं असतं, जग विसरून. त्या अवस्थेत तिसऱ्या चाकाची आस ही अडचणच. ते बटणावर बटण दाबत चाकं थांबायच्या आतच पुढचा डाव मागतात.

आपल्याकडे हे यंत्र गोव्यात आलं ते कायद्याच्या दारातून. १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांना इलेक्ट्रॉनिक यंत्रं ठेवायची मुभा मिळाली. पत्त्यांच्या आणि रुलेटच्या टेबलांना पाण्यावरच्या जहाजांत जागा देणारी दुरुस्ती त्यानंतर चारेक वर्षांनी झाली. म्हणजे जमिनीवर यंत्र चालेल, समोरासमोर बसून पत्ते पिसणारा माणूस चालणार नाही; त्याने मांडवीत जावं. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोंचा कायदा केला होता, तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. मुंबईला तेव्हा यंत्राची गरज होती असंही नाही. मटक्यात तीन पत्ते उघडत होतेच.

फेच्या यंत्रालाही मी सगळे गुण देत नाही. बक्षिसांच्या पत्रकावर काय मिळेल ते होतं, किती वेळा मिळेल ते नव्हतं. तरी काउंटरपाशी तासभर उभं राहून, चाकांवर कोणतं चित्र किती वेळा येतं हे पेन्सिलीने टिपून घेणाऱ्याला तो आकडा काढता आला असता. आजच्या यंत्राचा तसा हिशेब ज्या कागदावर असतो, कोणत्या जागेला किती आकडे आणि शंभरातले किती परत, त्याला धंद्यात पार शीट म्हणतात, आणि ते कारखानदार कुलपात ठेवतात. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठाच्या केव्हिन हॅरिगन यांनी असे काही कागद मिळवले ते माहितीच्या अधिकाराखाली रीतसर अर्ज करून. त्यात आढळलं ते असं, की एकाच नावाच्या, एकाच चित्रांच्या, बाहेरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या खेळाच्या निरनिराळ्या आवृत्त्या आहेत. परतावा प्रत्येकीचा वेगळा आणि समोर बसलेल्याला आपण कोणतीवर बसलोय हे कळायची काही सोय नाही.